ट्रॅकिओस्टॉमीनंतर श्वासनलिका अरुंद झाली आहे : बलून, टी-ट्यूब की ऑपरेशन?

वाटसरू

नमस्कार मंडळी. थोरल्या भावासाठी विचारतो आहे. वय ४१. डोक्याला मार लागून बराच काळ आयसीयूत होता. आधी तोंडातून नळी, मग ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासासाठी ट्यूब. त्यातून दादा सावरला. बोलायला-चालायला लागला, गळ्यातली ट्यूब निघाली, भोकही भरून आलं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे.

ट्यूब काढल्यावर महिना-सव्वा महिन्याने जिना चढताना धाप लागायला लागली. इतके दिवस अंथरुणात होता, अंगात ताकद नाही, म्हणून होत असेल असंच धरून चाललो. पुढे श्वास घेताना घशातून आवाज यायला लागला. दमा ठरला. इनहेलर, नेब्युलायझर, स्टिरॉइडच्या गोळ्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, संपल्या की पुन्हा तेच. शेवटी एका डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर ठेवला आणि लगेच सीटी स्कॅन करायला लावला.

रिपोर्टमध्ये श्वासनलिकेचा स्टेनोसिस आहे, म्हणजे ती आवळून अरुंद झालीय. सुरुवात स्वरयंत्राच्या पट्ट्यांपासून साधारण साडेतीन सेंमी खाली, लांबी २.२ सेंमी, सगळ्यात अरुंद जागी ५ मिमी. चांगल्या भागाचा व्यास १७ मिमी लिहिलाय. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, बलूनने रुंद केलं. त्या दिवशी दादा कितीतरी दिवसांनी आडवा होऊन शांत झोपला. पण आता तो आवाज परत यायला लागलाय.

एक डॉक्टर म्हणतात पुन्हा बलून करू, दुसरे म्हणतात टी-ट्यूब (आत ठेवायची सिलिकॉनची नळी) टाका, तिसरे म्हणतात तेवढा तुकडा कापून नळी जोडून टाकू. तिघेही अनुभवी आहेत, आम्ही मात्र पार गोंधळलोय. यातून कोणी गेलं असेल, किंवा या क्षेत्रातलं कोणी असेल, तर कृपया लिहा.

कर्णिका

वाटसरू, मी कान-नाक-घसा सर्जन आहे आणि श्वासनलिकेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या टीममध्ये काम करते. दादांना मी तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच.

आधी तातडीचं सांगते, बाकी नंतर. बसल्याजागी आवाज येणं, आडवं पडता न येणं, एक वाक्य एका दमात पुरं न होणं, श्वास घेताना गळ्याच्या खळगीत आणि बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट अशा रुग्णालयात जा जिथे रिजिड ब्रॉन्कोस्कोपी (ताठ नळीच्या दुर्बिणीची) होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या आजारात ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत छान राहतो. ९७ दाखवत असताना माणूस श्वास ओढून ओढून थकत असतो, आणि आकडा घसरायला लागतो तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो. ५ मिमीच्या वाटेत घट्ट बेडक्याचा एक गोळा अडकला तरी पुरतो. म्हणून साधी सर्दीसुद्धा अंगावर काढू नका.

सीटीची सीडी आणि ब्रॉन्कोस्कोपीचा रिपोर्ट एका फायलीत घालून दाराजवळ ठेवा. फायलीवर मोठ्या अक्षरात लिहा : श्वासनलिकेचा स्टेनोसिस, ५ मिमी, पट्ट्यांच्या खाली साडेतीन सेंमी. कारण इमर्जन्सीतले डॉक्टर नेहमीची साडेसात नंबरची नळी घालायला जातील. ती बाहेरून १० मिमीच्या आसपास असते, इथून जाणारच नाही. आणि स्नायू शिथिल करायचं औषध आधी देऊन मग नळी गेली नाही, तर प्रसंग हाताबाहेर जातो. हे त्यांना तुमच्या फायलीमुळे आधीच कळलं पाहिजे.

ओपीडी संपली की बाकीचं लिहिते.

अनाहत

वाटसरू, या सगळ्यातून मी गेलेलो आहे. चौथं वर्ष चालू आहे, आता टेकडी चढतो. रात्री सविस्तर लिहितो. धीर सोडू नका.

पारिजात

मी आयसीयूत नर्स आहे. ज्यांचा पेशंट अजून व्हेंटिलेटरवर आहे आणि जे हा धागा वाचतायत, त्यांच्यासाठी लिहिते.

नळीच्या टोकाशी एक फुगा असतो. हवा बाजूने गळू नये आणि लाळ खाली उतरू नये म्हणून तो फुगवतात. त्यातला दाब २० ते ३० सेंमी पाण्याच्या दाबाइतका हवा. त्याहून वर गेला की श्वासनलिकेच्या आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो. नळीबाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी चेपून 'ठीक वाटतोय' म्हणणं म्हणजे अंदाजपंचे काम. त्यासाठी घड्याळासारखा छोटा मीटर मिळतो, तो लावून प्रत्येक पाळीत दाब पाहायचा असतो. नातेवाइकांनी नम्रपणे विचारावं, 'आज फुग्याचा दाब किती होता?' चांगल्या युनिटमध्ये चार्टवर आकडा लिहिलेला असतो. व्हेंटिलेटरच्या नळ्या गळ्यातल्या ट्यूबला ओढत नाहीत ना, हेही बघत चला. पेशंटला कुशीवर वळवताना आधी नळ्यांना आधार द्यायचा आणि मग वळवायचं. रोजच्या त्या ओढाताणीने भोकाच्या कडा चिरडल्या जातात.

कर्णिका

पारिजातताईंनी लिहिलंय त्यावरूनच पुढे जाते.

श्वासनलिका मोठ्या माणसात जेमतेम ११-१२ सेंमी लांब असते. पुढून आणि बाजूंनी कूर्चेच्या (लवचिक हाडासारख्या भागाच्या) १८ ते २२ अर्धवट कड्या, मागची बाजू मऊ पडद्याची. फुग्याने आतली त्वचा दाबली गेली की तिथे जखम होते. जखम कूर्चेपर्यंत पोहोचली की कडी उघडी पडते, जंतुसंसर्ग होतो, कडी विरघळते. मग शरीर ती जागा भरून काढतं आणि भरताना आवळतं. हे आवळणं गोलाकार, चहूबाजूंनी होतं. भोकाच्या जागी होणारा प्रकार वेगळा : तिथे पुढच्या कडीचा तुकडा गेलेला असतो, दोन्ही बाजूच्या भिंती आत झुकतात आणि वाट त्रिकोणी होते. तिसरा प्रकार भोकाच्या वरच्या बाजूला, क्रिकॉइडपाशी, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाच्या कडीपाशी. तो सगळ्यात किचकट, कारण तिथे स्वरयंत्र आणि त्याच्या नसा लागून असतात.

हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणूनच ट्यूब निघाल्यावर काही आठवडे सगळं आलबेल वाटतं आणि मग त्रास सुरू होतो. १९६०च्या दशकात या नळ्यांचे फुगे लहान आणि कडक असायचे, तेव्हा हा आजार फार दिसायचा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हर्मीस ग्रिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही इजा फुग्याच्या दाबाने होते हे दाखवलं, त्यानंतर मोठे आणि मऊ फुगे आले. आजार कमी झाला, संपला नाही.

दादांच्या रिपोर्टकडे येते. १७ मिमीचा व्यास ५ मिमी झाला म्हणजे वाटेचं क्षेत्रफळ नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. मायर-कॉटन मोजणीत ही तिसरी पायरी (५० टक्क्यांपर्यंत पहिली, ५१ ते ७० दुसरी, ७१ ते ९९ तिसरी, पूर्ण बंद ती चौथी). व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा सोळापट होतो, त्यामुळे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर फार महागात पडतात. साधारण ८ मिमीच्या खाली चालताना धाप लागते, ५-६ मिमीला बसल्याजागी आवाज यायला लागतो. बलूनने ५ चे ९ केले की पेशंटला स्वर्ग दिसतो, आणि तिथेच घरच्यांची फसगत होते. बलून फक्त वण ताणतो किंवा फाडतो. कूर्चा गेलेली असेल तर भिंतीला आधार राहिलेला नसतो. ती जागा पुन्हा आवळणार.

माझं स्पष्ट मत : पातळ पडद्यासारखा, एक सेंमीहून कमी लांबीचा, कड्या शाबूत असलेला स्टेनोसिस असेल तर दुर्बिणीतून काम करून बघावं. लांबी जास्त, कूर्चा खचलेली, आणि प्रकृती ऑपरेशन सोसणारी असेल, तर तुकडा काढून जोडणं हा पहिला विचार हवा. 'आधी बाकी सगळं करून बघू, ऑपरेशन शेवटी' हे म्हणणं ऐकायला सुरक्षित वाटतं. पण दर वेळच्या लेझरने आणि स्टेंटने (वाट उघडी ठेवायला आत बसवलेल्या नळीने) शेजारचा चांगला भाग खराब होऊ शकतो. २ सेंमीचा आजार ४ सेंमीचा झाला की तेच ऑपरेशन अवघड होतं.

कोलंबस१२

कर्णिका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण वाचून लोक घाबरतील. माझं बलून आणि लेझरवर भागलं. मान कापावी लागली नाही, दुसऱ्या दिवशी घरी. दोन वर्षं होऊन गेली, काही त्रास नाही. वाटसरू, आधी सोपं ते करून बघा की. ऑपरेशन कुठे पळून जातंय?

कर्णिका

कोलंबस, तुम्ही बरे झालात याचा मनापासून आनंद आहे. रिपोर्ट जवळ असेल तर लांबी किती लिहिलीय बघाल का?

कोलंबस१२

बघितला. 'पातळ पडदा, लांबी ४ मिमी, कूर्चा शाबूत.' बरं, लक्षात आलं तुम्ही का विचारलंत ते.

कर्णिका

तुमच्यासाठी नेमकी तीच उपाययोजना योग्य होती. लेझरने पडदा पूर्ण गोल न जाळता तीन-चार त्रिज्या काढल्यासारखे छेद घेतात आणि मध्ये चांगली त्वचा सोडतात, म्हणजे पुन्हा गोल वण धरत नाही. मग हलकासा बलून. काही जण वणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, काही मायटोमायसिन हे वण वाढू न देणारं औषध लावतात. मायटोमायसिनच्या फायद्याबद्दल मात्र पुरावे एका बाजूचे नाहीत.

४ मिमी आणि २२ मिमी हे दोन वेगळे आजार समजा.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. सकाळपासून हे तिसऱ्यांदा वाचतोय. दादाच्या ब्रॉन्कोस्कोपीच्या कागदावर 'श्वासाबरोबर भिंत आत येते' असंही एक वाक्य आहे. त्याचा अर्थ कूर्चा खचलीय असाच ना? आणि दुसरं, वहिनीला भीती वाटते की कापून जोडलेली नळी सुटली तर?

कर्णिका

पहिल्याचं उत्तर : बहुतेक हो. मात्र दुर्बिणीतून पेशंट स्वतः श्वास घेत असताना पाहिलेलं जास्त विश्वासार्ह. व्हिडिओ मागून घ्या, दुसऱ्या सर्जनला तो दाखवता येतो. पट्ट्या दोन्ही बाजूंनी नीट हलतात का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. खाली नळी मोकळी केली आणि वर पट्टी लुळी निघाली, तर सगळी मेहनत वाया.

वहिनींची भीती रास्त आहे, म्हणून आकडे देते. १९९५ साली ग्रिलोंच्या गटाने नळीमुळे झालेल्या स्टेनोसिसच्या ५०३ रुग्णांचे निकाल छापले. जवळपास ९४ टक्क्यांचा निकाल चांगला किंवा समाधानकारक होता, मृत्यू २.४ टक्के. पुढे २००४ मध्ये त्याच रुग्णालयाने श्वासनलिकेच्या सगळ्या प्रकारच्या ९०१ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. जोडाची काही ना काही तक्रार ९ टक्क्यांत, मृत्यू १.२ टक्का. जोडाला धोका कुणाला जास्त, तेही त्यांनी दिलंय : मधुमेह, चार सेंमी किंवा त्याहून जास्त काढावं लागणं, आधी एकदा हेच ऑपरेशन झालेलं असणं, स्वरयंत्रालगतचा भाग काढावा लागणं, वय १७ किंवा कमी, आणि ऑपरेशनपूर्वी ट्रॅकिओस्टॉमी असणं. हे आकडे वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या ठिकाणचे आहेत. कुठल्याही थिएटरमध्ये ते लागू पडतील असं समजू नका. सर्जनला सरळ विचारा : 'वर्षाला अशी किती करता? जोड सुटला तर तुमची तयारी काय असते?' चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर जोड नीट भरून येत नाही. ऑपरेशनपूर्वी त्या बंद व्हायला हव्यात, पण मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतील. आतली जागा लालभडक, सुजलेली असेल तर काही आठवडे थांबतात. त्या काळात श्वास चालू ठेवण्यासाठी केलेलं बलून अगदी योग्य. म्हणजे 'पुन्हा बलून' म्हणणारे डॉक्टर चूकच आहेत असं नाही. तो बलून ऑपरेशनपर्यंतचा आधार आहे की तोच उपचार, एवढं त्यांना विचारा.

आणि मध्येच अडचण येऊन पुन्हा ट्रॅकिओस्टॉमी करायची वेळ आलीच, तर भोक शक्यतो आजारी भागातूनच व्हावं. खाली चांगल्या कड्यांमध्ये नवं भोक पाडलं की पुढे काढायचा तुकडा लांबतो. फायलीवर हेही लिहून ठेवा.

अनाहत

काल लिहायचं राहिलं. आता ऑपरेशन पेशंटच्या बाजूने कसं असतं ते सांगतो.

मला सव्वातीन सेंमीचा तुकडा काढावा लागला. चीर गळपट्टीसारखी आडवी, खाली. मध्येच श्वासनलिका कापलेली असते तेव्हा श्वास कसा देतात हे मी आधीच विचारून घेतलं होतं : कापलेल्या खालच्या टोकात थेट एक निर्जंतुक नळी घालतात, तिच्यातून हवा देतात, टाके घालताना ती क्षणभर काढतात, पुन्हा घालतात. हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली. ऑपरेशन संपल्यावर टेबलावरच नळी काढली, मी स्वतःच्या नाकाने श्वास घेत बाहेर आलो.

जाग आली तर हनुवटी छातीकडे बांधलेली. हनुवटीखालून छातीच्या कातडीपर्यंत जाड धाग्याचा टाका असतो. मान मागे गेली की जोडावर ताण येतो, तो येऊ नये म्हणून. दुखत नाही फारसं, पण आठवडाभर समोरच्याचे गुडघेच दिसतात. डोक्यामागे दोन उशा, पाठीला उतार. आरसा हातात ठेवा, बोलणाऱ्याचा चेहरा त्यात बघता येतो. वाचायला पुस्तक मांडीवर सोयीचं पडतं, टीव्ही विसरा. पाणी वाकड्या स्ट्रॉने. खोकला आला की त्या टाक्याला ओढ बसते, तेव्हा हळूहळू 'हफ' करून (तोंड उघडं ठेवून श्वास जोरात सोडून) बेडका वर आणायला फिजिओथेरपिस्टने आधीच शिकवलं होतं. हे ऑपरेशनच्या आधी शिकून घ्या, नंतर शिकायला डोकं जागेवर नसतं.

साधारण आठवड्याने दुर्बिणीतून जोड पाहिला आणि टाका कापला. त्यानंतरही मान मागे टाकायला मी काही आठवडे धजावलो नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. आवाज खोल गेला होता, हळूहळू परत आला. वरच्या सुरांत अजून तितका चढत नाही.

दादांना सांगा, पहिल्या दिवशी सकाळी एक पूर्ण श्वास आत जातो तो आठवणीत राहतो.

सांजवेल

दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून आईचं लिहिते. तिचं हृदय कमजोर आहे, शिवाय अरुंद भाग लांब आणि वर क्रिकॉइडपर्यंत गेलेला. ऑपरेशन झेपणार नाही असं दोन ठिकाणी सांगितलं. म्हणून टी-ट्यूब. कर्णिका, हा काही कमी दर्जाचा इलाज नाही ना? नातेवाईक 'तात्पुरतं काम करून ठेवलंय' असं बोलतात तेव्हा वाईट वाटतं.

टी-ट्यूब सिलिकॉनची, इंग्रजी टी आडवा ठेवल्यासारखी. उभा भाग श्वासनलिकेत, आडवी छोटी शाखा गळ्यातून बाहेर. त्या शाखेला बूच असतं. बूच लावून ठेवायचं ही पहिली गोष्ट. लावलं की हवा नाकातून जाते, गरम आणि ओलसर होऊन आत पोहोचते, बोलता येतं. उघडं ठेवलं की आतला चिकटा वाळतो आणि खपली धरते. आम्ही दिवसातून दोन-तीन वेळा सलाईनचं नेब्युलायझेशन देतो. मग बूच काढून सलाईनचे थेंब, आणि सक्शनची बारीक नळी आधी खाली, मग बाहेरची शाखा किंचित झुकवून वरच्या दिशेने. वरच्या बाजूचं सक्शन लोक विसरतात. आमच्याकडे पहिल्यांदा अडकलं ते वरच, पट्ट्यांखाली. आवाज घोगरा झाला आणि बूच लावलं की तिला गुदमरायला व्हायचं. असं झालं की पहिलं काम : बूच काढा. श्वास लगेच गळ्यातून चालू होतो. मग स्वच्छता, मग दवाखाना.

कर्णिका

सांजवेल, मुळीच नाही. विल्यम माँटगोमरींनी १९६५ साली ही नळी आणली आणि आजही ती हजारोंना घरी परत पाठवते. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही, ज्यांचा भाग फार लांब आहे, ज्यांची जागा अजून निवळायची आहे, त्यांच्यासाठी ती उत्तम. काही जणांत वर्षभराने काढून बघतात, काहींना कायम ठेवावी लागते. तुम्ही सक्शनचं लिहिलंत ते मी माझ्या पेशंटना वाचायला देणार आहे.

एक भर घालते. बूच काढूनही श्वास येत नसेल आणि सक्शनची नळी आत जात नसेल, तर बाहेरची शाखा घट्ट धरून टी-ट्यूब सरळ पुढे ओढून काढतात आणि त्याच भोकातून साधी ट्रॅकिओस्टॉमी ट्यूब घालतात. ती योग्य मापाची ट्यूब घरात, पेशंटच्या उशाशी हवी. हे कृतीने शिकवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.

वाटसरू

आज चौथं मत मिळालं. ओळखीच्या एकांनी सुचवलं की जाळीचा धातूचा स्टेंट टाका, वीस मिनिटांचं काम. आणि भाच्याने कुठेतरी वाचलं की प्रयोगशाळेत तयार केलेली श्वासनलिका बसवतात. खरं आहे का?

कर्णिका

धातूच्या जाळीच्या स्टेंटला माझा ठाम नकार. कॅन्सरमध्ये, जिथे महिनेच हाताशी आहेत, तिथे त्याला जागा आहे. दादांसारख्या साध्या वणाच्या आजारात नाही. जाळीतून आतली त्वचा वाढते, स्टेंट भिंतीत रुततो, काही महिन्यांनी तो काढायला गेलं तर तुकड्यातुकड्याने निघतो आणि आजार पूर्वीपेक्षा लांब होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने २००५ सालीच सूचना काढली होती की अशा आजारात बाकी सगळे मार्ग तपासल्याशिवाय धातूचे स्टेंट वापरू नयेत. घालायचाच तर सिलिकॉनचा, म्हणजे ड्यूमाँ स्टेंट. तो काढता येतो. तोही सरकतो, त्यावर चिकटा साचतो, टोकांशी मांस वाढतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या श्वासनलिकेबद्दल भाच्याला सांगा की तो काही नेहमीचा उपचार नाही. २०११ साली स्टॉकहोममध्ये प्लास्टिकच्या साच्यावर मूलपेशी लावून श्वासनलिका बसवली, जगभर गाजावाजा झाला. तिथे ज्या तिघांना ती बसवली ते तिघेही वारले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने ती बसवणाऱ्या सर्जनला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. दुसरीकडे जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात दात्याच्या श्वासनलिकेचं प्रत्यारोपण झालं. त्या बाईंची नळी दम्याच्या अटॅकनंतर वारंवार घातलेल्या नळ्यांनी खराब झाली होती. ते काम खरं आहे, पण त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. ज्याची सव्वादोन सेंमीची जागा काढून स्वतःचीच टोकं जोडता येतात, त्याला याची गरज नाही.

स्वरगंगा

मी वाचा आणि गिळण्याच्या त्रासावर काम करते. कर्णिकांनी नळी मोकळी करण्याचं सगळं लिहिलंय, मी गिळण्याचं सांगते. जोडावर ताण येऊ नये म्हणून कधीकधी स्वरयंत्र वरच्या बाजूने सैल करून खाली आणतात. तसं केलं की गिळताना स्वरयंत्र नेहमीइतकं वर उचललं जात नाही, आणि पातळ पदार्थ श्वासमार्गात जाण्याची शक्यता असते. बहुतेकांत ते काही आठवड्यांत सुधारतं. पाणी पिताना खोकला, पिऊन झाल्यावर आवाज ओला-ओला येणं, ही चिन्हं. घट्टसर द्रव, लहान घोट, बसून. ऑपरेशनपूर्वी एकदा गिळण्याची तपासणी करून ठेवली तर नंतर तुलना करता येते. दादांच्या डोक्याला मार लागला होता, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हे नक्की करा.

पारिजात

+१. डोक्याच्या दुखापतीनंतर पेशंट सूचना पाळू शकतो का, हेही सर्जनना सांगा. झोपेत मान मागे टाकणारा, अस्वस्थ होऊन टाके ओढणारा पेशंट असेल तर त्यांना तयारी वेगळी ठेवावी लागते.

निळावंती

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या बहिणीचंही 'दमा' म्हणूनच चाललंय. मागच्या वर्षी ती नळीवर होती. सीटीआधी काही साधी तपासणी आहे का, जी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सुचवता येईल?

कर्णिका

आहे. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी. पण नुसते टक्के बघू नका, आलेख बघा. दम्यात श्वास सोडतानाची रेघ आतल्या बाजूला खोलगट होते. श्वासनलिकेत पक्का अडथळा असेल तर वरची (श्वास सोडतानाची) आणि खालची (श्वास घेतानाची) दोन्ही बाजू सपाट होतात, आलेख चौकोनी डब्यासारखा दिसतो. आकड्यांत बघायचं तर पहिल्या सेकंदात सोडलेली हवा मिलिलिटरमध्ये घ्या आणि तिला पीक फ्लोच्या, म्हणजे श्वास सोडण्याच्या सर्वाधिक वेगाच्या, दर मिनिट लिटरने भागा. उत्तर १० च्या वर आलं तर वरच्या श्वासमार्गात अडथळ्याची शंका घ्यावी. हे १९७२ पासून माहीत असलेलं गणित आहे, आणि ते करायला अर्धं मिनिट पुरतं. बहीण बसल्याजागी आवाज करत असेल तर मात्र स्पायरोमेट्रीत वेळ घालवू नका, सरळ ब्रॉन्कोस्कोपीची सोय असेल तिथे न्या.

नळीवर राहून आलेला माणूस, नव्याने आलेली धाप, श्वास आत घेताना आवाज आणि इनहेलरला दाद नाही, एवढं जुळलं की दमा म्हणण्याआधी श्वासनलिका बघायचीच.

वाटसरू

दादाला घेऊन ज्यांच्याकडे हे काम नियमित होतं अशा टीमला भेटलो. व्हिडिओ दाखवला. ऑपरेशन करायचं ठरलं, स्टिरॉइड उतरवायला सुरुवात केलीय, तोवर गरज पडली तर बलून. फाईल दाराजवळ आहे. गिळण्याची तपासणी आणि 'हफ' शिकवणं पुढच्या भेटीत. वहिनीने अनाहत यांचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला, तेव्हा त्याने आरसा आत्ताच बॅगेत टाकायला सांगितला.

एकच प्रश्न राहिला. समजा सगळं नीट झालं आणि पुढे कधी अपेंडिक्ससारखं दुसरं ऑपरेशन लागलं, तर भूल देताना काय सांगायचं?

कर्णिका

आनंद झाला. तेव्हा भूलतज्ज्ञांना श्वासनलिका कापून जोडलेली आहे हे पहिल्यांदा सांगायचं, आणि ऑपरेशनची नोंद दाखवायची : किती सेंमी काढली, जोड पट्ट्यांपासून किती खाली आहे. ते आधी दुर्बिणीतून जोड पाहतील, एक-दोन नंबर लहान नळी निवडतील, फुगा जोडावर बसणार नाही असा ठेवतील आणि त्याचा दाब मीटरने मोजतील. छोटं ऑपरेशन असेल तर नळी न घालता, कमरेत इंजेक्शन देऊन होतं का, हेही विचारा. ही नोंद एका कार्डावर लिहून दादांच्या पाकिटात राहू द्या, आणि फोटो वहिनींच्या फोनमध्ये.